दुकानात जुळलेला रंग अंगणात का फसतो?

रेघोटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्यासाठी मी आमसुली रंगाची रेशमी साडी घेतली आणि तिच्यावरच्या ब्लाउजचे कापड पाहण्यासाठी साडी पिशवीत घालून बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने मागच्या फळीवरून सहा-सात आमसुली तुकडे काढले, पिवळसर दिव्याखाली एकेक करून ते साडीच्या पदरावर ठेवले, आणि चौथा तुकडा पदरात असा मिसळून गेला की त्याची कड शोधायला बोट फिरवावे लागले. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अंगणात उभी राहिले तेव्हा मात्र साडी जांभळ्याकडे झुकलेली होती आणि ब्लाउज सरळसरळ विटकरी दिसत होता. संध्याकाळी कार्यालयातल्या दिव्यांखाली तीच जोडी पुन्हा बऱ्यापैकी जुळली, त्यामुळे कापडाचा रंग उडाला असेही म्हणता येईना.

मी बावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांकडून रंगचक्र घोटून घेतले. लाल, पिवळा आणि निळा हे प्राथमिक रंग, त्यांच्या जोड्यांतून होणारे नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग, आणि चक्रात समोरासमोर बसणारे ते परस्परविरोधी, हे मला झोपेतही सांगता येईल. असे असताना साधा ब्लाउज फसावा याची मला थोडी लाज वाटली आणि तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे.

पहिली शंका वर्गातलीच आहे. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, असे फळ्यावर लिहिले की दरवर्षी दोन-चार मुले कागद घेऊन येत आणि त्यावर जांभळ्याऐवजी चिखल असे. त्यांनी पोस्टर कलरच्या पेटीतला शेंदरी झाकेचा व्हर्मिलियन घेतलेला असे; क्रिमसन घेतला की जांभळा नीट उतरत असे. ‘क्रिमसन वापरा’ एवढेच मी सांगत असे, कारण त्यापलीकडचे मलाच ठाऊक नव्हते. दुसरी शंका संगणक शिकणाऱ्या भाच्याने घातली. त्याच्या मते प्राथमिक रंग लाल, हिरवा आणि निळा हे आहेत, आणि पिवळा हा लाल-हिरव्याच्या मिश्रणातून होणारा दुय्यम रंग आहे. पत्रिका छापणाऱ्याने तिसरेच त्रिकूट सांगितले: सायन, मॅजेंटा आणि पिवळा, जोडीला काळा. तिघांचीही कामे आपापल्या त्रिकुटावर सुरळीत चालतात, म्हणजे कोणी एक चूक आहे असेही नाही. मग ‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ तरी काय, आणि त्याचा माझ्या फसलेल्या ब्लाउजशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लोलक

रेघोटीताई, तुमचा ब्लाउज, मुलांचा चिखल आणि ही तीन त्रिकुटे यांचे मूळ एकाच जागी आहे, आणि ती जागा रंगाच्या पेटीत नसून डोळ्यात आहे. न्यूटनने १६६६च्या सुमारास लोलकातून सूर्यप्रकाश पाठवून त्याचा वर्णपट पाडला हे आपण शाळेत शिकतो; परंतु १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्यानेच बजावून ठेवले आहे की किरण स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यात अमुक रंगाची जाणीव जागी करण्याची शक्ती तेवढी असते, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. प्रकाशाला तरंगलांबी असते. रंग ही त्या तरंगलांबीवर डोळ्याने आणि मेंदूने दिलेली प्रतिक्रिया आहे.

दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे साठ लाख असतात आणि त्यांचे प्रकार फक्त तीन असतात. एक प्रकार ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५३०च्या आणि तिसरा ५६०च्या आसपास. यांना सरसकट निळ्या, हिरव्या आणि लाल पेशी म्हणतात, पण ते सोयीपुरते. तिसऱ्या प्रकाराचा सर्वाधिक प्रतिसाद खरे तर पिवळसर हिरव्या प्रकाशाला असतो. यातली कळीची गोष्ट अशी की शंकुपेशी आपल्यावर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश पडला हे कळवत नाही, किती उद्दीपन झाले एवढेच कळवते. म्हणजे समोरच्या वस्तूकडून शेकडो तरंगलांबींचे कमीअधिक मिश्रण आले तरी मेंदूपर्यंत पोहोचतात ते तीन आकडे. ज्या दोन मिश्रणांचे हे तीन आकडे सारखे, ती दोन मिश्रणे आतून कितीही वेगळी असली तरी आपल्याला एकाच रंगाची दिसणार.

तुमच्या भाच्याचा पडदा याच उणिवेवर चालतो. मोबाइलवर पिवळे चित्र लावा, पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि त्यातून जवळून पाहा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पिवळ्याच्या जागी लाल व हिरव्या ठिपक्यांची जाळी दिसते. तिथे पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ नसतोच. सोडियमच्या दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा अस्सल पिवळा आणि पडद्यावरचा हा बनावट पिवळा डोळ्याला सारखेच आकडे देतात. प्रकाशात प्रकाश मिसळून रंग करायचे झाले तर तिन्ही शंकुपेशींना होता होईल तो वेगवेगळे चाळवतील असे दिवे हवेत, म्हणून लाल, हिरवा आणि निळा.

रंगद्रव्याचे काम उलटे चालते. निळे रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशातला लाल-पिवळा भाग गिळते, पिवळे रंगद्रव्य निळा-जांभळा भाग गिळते, आणि दोघांच्या तावडीतून सुटून जो मधला हिरवा उरतो तो आपल्याला दिसतो. निळा आणि पिवळा प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र आणला तर हिरवा होत नाही, पांढरा होतो. हा फरक हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली स्पष्ट करून दाखवला. आता मुलांच्या चिखलाकडे पाहा. व्हर्मिलियन निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळतो, निळा रंग लाल प्रकाश गिळतो, मग उरणार काय? क्रिमसन थोडा निळा प्रकाश परत पाठवतो म्हणून त्याचा जांभळा होतो. मॅजेंटा तर त्याहून उदार आहे. तो मुख्यतः हिरवा तेवढा गिळतो. छापखान्याची त्रयी शाळेतल्या त्रयीपेक्षा अधिक काटेकोर ठरते ती यामुळे: सायन लालाला, मॅजेंटा हिरव्याला आणि पिवळा निळ्याला अडवतो, म्हणजेच भाच्याच्या तिन्ही दिव्यांना एकेक झाकण मिळते. शाळेतले लाल-पिवळा-निळा हे त्रिकूट मला चुकीचे वाटत नाही. चित्रकाराच्या हातात शतकानुशतके जी रंगद्रव्ये होती त्यांतून तयार झालेला तो व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणून तो पुष्कळ दूरपर्यंत नेतो.

कुसुंबा

लोलक यांनी पाया घातलाच आहे, म्हणून ब्लाउजबद्दल मी लिहितो. इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे शेड मॅचिंगचे काम केले. तुमच्या बाबतीत जे घडले त्याला आमच्याकडे मेटामेरिझम म्हणतात, आणि ज्याने एकदा तरी त्यापायी अख्खा लॉट परत आलेला पाहिला आहे तो हा शब्द विसरत नाही.

तुमची साडी रेशमाची आहे आणि ब्लाउजपीस बहुधा टू बाय टू असणार. रेशीम सहसा ॲसिड डायने रंगवतात, सुती कापड रिॲक्टिव्ह डायने, आणि त्यात पॉलिएस्टर असेल तर त्याला डिस्पर्स डाय लागतो. रसायने वेगळी, म्हणजे प्रकाश गिळण्याच्या जागाही वेगळ्या. एका दिव्याखाली दोन्ही कापडांचे तीन आकडे जुळवून आणता येतात, पण कापडावरून येणारा प्रकाश हा दिव्याचा आणि कापडाचा गुणाकार असतो, त्यामुळे दिवा बदलला की दोन्ही गुणाकार बदलतात आणि ते सारख्याच प्रमाणात बदलतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग फार कमी असतो. ट्यूबलाइटच्या वर्णपटात पाऱ्याचे ठरावीक उंचवटे असतात. पांढऱ्या एलईडीत ४५०च्या आसपास निळ्याचा एक सुळका असतो आणि बाकीचा भाग फॉस्फर नावाचा चकाकणारा लेप भरून काढतो. तुमच्या साडीचा जांभळेपणा ज्या निळ्या प्रकाशावर उभा आहे तो दुकानातल्या पिवळसर दिव्यात पुरेसा नव्हता, एवढेच झाले असावे. त्या मुलाची नजर चांगलीच असली पाहिजे, कारण त्या दिव्याखाली त्याने अचूक जुळवले होते.

आमच्याकडे यासाठी लाइट बॉक्स असे. आतून करड्या रंगाचे एक मोठे खोके, वर वेगवेगळ्या नळ्या आणि समोर बटणे. गिऱ्हाइकाचा मूळ नमुना आणि आमचा लॅब डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला तुकडा, कडेला कड भिडवून ठेवायचे, तिरप्या नजरेने पाहायचे आणि एकेक बटण दाबायचे: डी ६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल ८४ म्हणजे दुकानातली ट्यूब, ए म्हणजे जुना बल्ब, आणि शेवटी अतिनील. पहिल्या बटणाला एकजीव झालेले दोन तुकडे तिसऱ्या बटणाला असे फटकून वेगळे होत की नवीन आलेल्या मुलाला वाटे, कोणीतरी तुकडा बदलला. रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आला, दोन रंगांतला फरक सांगणारे डेल्टा ईचे आकडे आले, तरी बटणे दाबून पाहणे काही सुटले नाही. साडी दुकानाच्या दारात नेऊन उजेडात पाहण्याची आपल्या बायकांची सवय दुकानदारांना कटकटीची वाटते, पण त्या लाइट बॉक्सचे पहिले बटण दाबत असतात.

सल्ला विचाराल तर वेगळ्या जातीच्या कापडावर हुबेहूब जुळणीचा हट्ट धरू नये. काठाच्या रंगाचे किंवा सरळ विरोधी रंगाचे कापड घ्यावे. जुळणीतला थोडा फरक चूक म्हणून दिसतो. विरोधातला तेवढाच फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओवी

चर्चा उत्तम चालली आहे. माझ्या दोन शंका आहेत. आम्ही शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केले: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला पारवा मला आजवर इंद्रधनुष्यात सापडलेला नाही. गॅलरीत येणारे पारवे मी रोज पाहते. त्यांचा रंग राखाडी आहे, फार तर निळसर राखाडी. दुसरे असे की राणी रंग आणि तपकिरी रंग या यादीत का नाहीत? आमच्या घरातल्या निम्म्या साड्या या दोन रंगांच्या आहेत आणि इंद्रधनुष्याला त्यांचा पत्ताच नाही.

लोलक

ओवीताई, पारव्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. राखाडी झाक म्हणजे सगळ्या तरंगलांबींची थोडीथोडी भेसळ, आणि वर्णपटात भेसळ नसते. त्यामुळे शब्दशः पारव्याच्या पाठीचा रंग इंद्रधनुष्यात असणे शक्यच नाही. तिथे अपेक्षित आहे ती निळ्या आणि जांभळ्याच्या मधली गडद छटा, म्हणजे नीळ ज्या रंगाची असते तो रंग. ‘निळा’ शब्द आधीच वापरून झाल्यामुळे यादी करणाऱ्याने पारवा हाताशी धरला असावा, असा माझा तर्क आहे. मुळात सात हा आकडाच निसर्गाचा नाही. न्यूटनने आरंभी पाच मुख्य रंग मोजले होते. नंतर सप्तकातल्या सात सुरांशी मेळ बसावा म्हणून त्याने नारिंगी आणि ही पारवा छटा त्यात घातली. वर्णपट सलग आहे आणि त्यात रेघा आपण मारतो.

राणी रंगाची गोष्ट याहून गमतीची आहे. ४२० आणि ५६०वाल्या शंकुपेशी जोरात चाळवल्या आणि मधल्या ५३०वाल्या शांत राहिल्या की राणी, गुलबक्षी, मॅजेंटा या घराण्यातले रंग दिसतात. कोणतीही एकच तरंगलांबी हे करू शकत नाही, कारण दोन टोकांना चाळवायचे तर दोन टोकांचा प्रकाश एकदम यावा लागतो. म्हणून तो वर्णपटात नाही. वर्णपट ही सरळ पट्टी आहे आणि रंगचक्र हे वर्तुळ आहे; पट्टीची तांबडी आणि जांभळी टोके ज्या जागी जोडली जातात ती फट राणी रंगाने भरलेली आहे. अवांतर: मॅजेंटा हे नाव इटलीतल्या एका गावाचे आहे. तिथे १८५९ साली लढाई झाली आणि त्याच सुमारास बाजारात आलेल्या कृत्रिम रंगाला ते नाव चिकटले.

तपकिरी म्हणजे मंद नारिंगी, पण हे वाक्य अर्धवट आहे. आजूबाजूला त्याहून उजळ काहीतरी दिसत असताना पाहिलेला मंद नारिंगी म्हणजे तपकिरी. अंधारात एकटाच तपकिरी दिवा लावता येत नाही, तो मंद नारिंगीच दिसतो. काळ्या कागदाची अरुंद नळी करून भरपूर उजेडात ठेवलेल्या तपकिरी कापडाच्या एका ठिकाणी ती रोखावी आणि दुसरा डोळा मिटावा. भोवतालचे सगळे झाकले गेल्यावर तो तुकडा थोड्या वेळात नारिंगीकडे सरकतो. शंकुपेशींचे आकडे तेच आहेत, शेजार तेवढा गेला.

संत्री

भोवतालाचा विषय निघालाच आहे म्हणून एक वाचलेली गोष्ट नोंदवतो. प्राचीन लोकांच्या भाषेत निळ्यासाठी शब्द नव्हता आणि म्हणून त्यांना निळा रंग दिसतच नव्हता, असे अनेक ठिकाणी वाचनात येते. आपणही विठ्ठलाला सावळा म्हणतो, कृष्णाला कधी काळा म्हणतो तर कधी घननीळ. म्हणजे भाषाच दृष्टी ठरवते असे म्हणावे का?

ओवी

संत्री, याला माझा विरोध आहे. शब्द नसणे आणि दृष्टी नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात रंगांचे शब्द विचित्र पद्धतीने येतात हे ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली मांडले आणि तिथून ही कल्पना फोफावली. परंतु माणसाच्या शंकुपेशी गेल्या तीन हजार वर्षांत बदललेल्या नाहीत. बर्लिन आणि के या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली ९८ भाषांची तुलना करून असे मांडले की रंगांचे मूलभूत शब्द भाषांमध्ये साधारण ठरावीक क्रमाने येतात, आधी काळा-पांढरा, मग तांबडा, आणि निळा बराच नंतर. त्या क्रमावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण तो क्रम शब्दांचा आहे, नजरेचा नव्हे. भाषेचा परिणाम अगदीच नाही असेही नाही. रशियन भाषेत गडद निळा आणि फिका निळा यांना दोन स्वतंत्र मूलभूत शब्द आहेत, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की त्या दोन शब्दांच्या सीमेच्या अल्याड-पल्याड असलेल्या छटा रशियन भाषक किंचित अधिक वेगाने वेगळ्या ओळखतात. वेगातला फरक तो, अंधत्वातला नव्हे.

मराठीपुरते बोलायचे तर आपली भाषा रंगाच्या नावापेक्षा रंगाच्या ताकदीत अधिक रस घेते, असे मला वाटते. लालभडक आणि लालचुटुक हे दोन्ही लालच, पण जास्वंदीला चुटुक कोणी म्हणत नाही आणि डाळिंबाच्या दाण्याला भडक म्हणत नाही. पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट, काळाभोर यांत रंगछटा एका शब्दात आणि तिचे तेज किंवा गडदपणा दुसऱ्यात, अशी वाटणी आहे. चित्रकलेच्या पुस्तकात रंगछटा, तेज आणि गडदपणा हेच तीन गुण वेगवेगळे शिकवतात.

अर्धवर्तुळ

मी या धाग्यावर लिहावे की नाही, असा विचार दोन दिवस केला, कारण मी रंगांधळा आहे. लाल आणि हिरवा यांतला भेद मला फार अंधुक जाणवतो. माझ्या शाळेच्या रस्त्यावर गुलमोहर होते आणि मे महिन्यात सगळे त्यांच्याकडे बोट दाखवून ‘पेटलाय बघ’ असे म्हणत; मला ते झाड जवळ जाऊन फूल हातात घेईपर्यंत एरवीसारखेच दिसे. मला वाटे, ही म्हणण्याची पद्धत असावी. पुढे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा वाचता आला नाही, तेव्हा उलगडा झाला. ती ठिपक्यांची पाने इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली तयार केलेली आहेत.

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘तुझ्या मामालाही बालपणी हिरव्या-लाल मिरच्या निवडता येत नसत.’ हे योगायोगाने घडलेले नाही. लाल-हिरव्या शंकुपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते. आईकडे दुसरे निरोगी एक्स असल्यामुळे तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही. आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे, अशी ही वाट आहे. माझ्या मुलाला हे माझ्याकडून मिळणार नाही, मुलीच्या मुलाला मात्र मिळू शकते.

रेघोटीताईंच्या अनुभवाशी मिळतीजुळती एक नोंद मला सापडली. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन रंगांधळे होते आणि १७९४ साली त्यांनी स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. दिवसा आभाळी निळे दिसणारे जिरेनियमचे गुलाबी फूल रात्री मेणबत्तीच्या प्रकाशात त्यांना तांबडे दिसले. इतरांना मात्र त्यात असा बदल दिसेना, तेव्हा त्यांना आपले वेगळेपण कळले. डोळ्यातल्या द्रवाला निळी झाक असावी असा त्यांचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळा तपासावा अशी त्यांनी व्यवस्था केली. १८४४ साली तपासल्यावर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांतून १९९५ साली जनुके तपासली गेली आणि मधल्या, म्हणजे ५३०वाल्या, शंकुपेशींचे रंगद्रव्य त्यांच्याकडे नव्हते असे निष्पन्न झाले. दीडशे वर्षांनी लागलेला हा निकाल वाचून मला फार बरे वाटले, का ते नीट सांगता येणार नाही.

कुसुंबा

अर्धवर्तुळ, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत.

शेजाराच्या परिणामाबद्दल आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी गोष्ट सांगतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रमय पडदे विणत असत आणि १८२४ साली शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगशाळेचे प्रमुख झाले. निळ्या आणि जांभळ्या विणकामाच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी इतर ठिकाणचे काळे धागे मागवून ताडून पाहिले, तर रंगात काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा असला की डोळा काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढवतो आणि काळ्याचा जोर जातो. त्यावर त्यांनी पुढे १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. काळ्या चंद्रकळेला तांबडा काठ शोभतो त्यामागे आणखीही कारणे असतील, पण निळा काठ लावून पाहावा म्हणजे शेव्हरल यांचे म्हणणे पटेल.

विरोधी रंगांचा सर्वांत स्वस्त उपयोग मात्र आपल्या मोरीत होतो. पांढरे धोतर पिवळट पडते म्हणजे ते निळा प्रकाश गिळू लागते. आपण नीळ देतो तेव्हा हरवलेला निळा प्रकाश परत येत नाही. नीळ पिवळ्या-तांबड्या भागातलेही थोडे गिळते, म्हणजे कापड मोजमापाने आधीपेक्षा किंचित काळपटच होते. पण सगळीकडून सारखे कमी झाल्यामुळे डोळा त्याला पांढरेशुभ्र म्हणतो. नीळ जास्त झाली की काय होते, ते सर्वांनी पाहिलेले आहे. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत अतिनील गिळून निळा प्रकाश सोडणारी द्रव्ये असतात आणि ती खरोखर प्रकाश वाढवतात. लाइट बॉक्सचे चौथे बटण दाबले की म्हणूनच शर्ट चमकू लागतो.

संत्री

मग २०१५च्या फेब्रुवारीत ज्या झग्यावरून घराघरांत भांडणे झाली, कोणाला तो पांढरा-सोनेरी दिसला आणि कोणाला निळा-काळा, त्याचे काय? तिथे तर सर्वांसमोर एकच छायाचित्र होते.

लोलक

तिथे शेजार पुरेसा नव्हता, म्हणून घोळ झाला. डोळा केवळ तीन आकड्यांवर थांबत नाही. दिवा कोणता असावा याचा अंदाज बांधून तो दिव्याचा वाटा वजा करतो. म्हणूनच भिंत सकाळी, दुपारी आणि बल्बखाली पांढरीच वाटते, जरी तिच्यावरून येणारा प्रकाश तिन्ही वेळी पार वेगळा असतो. त्या छायाचित्रात दिव्याबद्दलचा पुरावा तोकडा होता. ज्यांच्या मेंदूने निळसर सावली गृहीत धरली त्यांनी निळा वजा केला आणि त्यांना पांढरा-सोनेरी मिळाला. ज्यांनी पिवळसर दिवा धरला त्यांना निळा-काळा दिसला. प्रत्यक्षातला झगा निळा होता आणि त्याला काळी लेस होती.

रेघोटीताईंना एक प्रयोग सुचवतो. सूर्यास्तानंतर खिडकीपाशी पांढरा कागद ठेवावा, दुसऱ्या बाजूला समई लावावी आणि मध्ये पेन्सिल उभी धरावी. पेन्सिलीच्या दोन सावल्या पडतील; त्यांचे रंग पाहावेत. वेळ मात्र साधावी लागेल, कारण फार अंधार झाला की शंकुपेशी मागे पडतात आणि रंग न ओळखणाऱ्या दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही. संधिप्रकाशात जास्वंदीची फुले पानांच्या आधी काळी पडतात ती त्यामुळे.

रेघोटी (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुसुंबा यांचे ऐकून मी काठाच्या मोरपंखी रंगाचे कापड घेतले आणि या वेळी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहिले.

काल संध्याकाळी लोलक यांचा प्रयोग केला. पहिल्यांदा घाई झाली. आभाळ अजून उजळ होते आणि समईची सावली दिसेना. दहा-बारा मिनिटांनी दोन्ही उजेड एकमेकांच्या तोडीचे झाले तेव्हा कागद पांढराच राहिला आणि पेन्सिलीच्या दोन सावल्या त्यावर पडल्या: जिथे समईचा प्रकाश अडला होता ती निळी, जिथे खिडकीचा अडला होता ती नारिंगी. वर्गात रंगचक्रावर समोरासमोर रंगवून घेतलेली जोडी अशी कागदावर आपोआप उमटलेली मी याआधी पाहिली नव्हती.

मग मला राहवले नाही. कागद उचलला, त्या जागी साडीचा पदर आणि तो फसलेला ब्लाउज कडेला कड लावून ठेवले, आणि पेन्सिलीऐवजी चित्रकलेची जाड वही उभी धरली, म्हणजे सावल्या चांगल्या वीतभर रुंद पडल्या. समईकडच्या सावलीत, म्हणजे केवळ आभाळाच्या उजेडात, पदर जांभळा आणि ब्लाउज विटकरी होता. खिडकीकडच्या सावलीत, म्हणजे केवळ समईच्या उजेडात, दोन्हींची कड पुन्हा बोट फिरवून शोधावी लागली. वही हळूहळू फिरवत मी ते चार-पाच वेळा पाहिले. तेवढ्यात आभाळ विझले आणि सगळेच समईच्या रंगाचे झाले.